आठ तारखेला बाहेर राहिलेले बूट

मुलांनो, जरा तुमच्या उजव्या पायाची करंगळी आठवा बरं. हलवू नका, नुसती आठवा. एरवी ती तिथे आहे हे तुमच्या ध्यानीमनीही नसतं, हो ना? आता असं समजा, की नुकतं फटफटतंय. तुम्ही अनवाणी आहात, पायाखालच्या फळ्या गारठल्या आहेत आणि तुम्हाला घाई आहे. खोलीतलं कपाट कुठे आहे ते तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल, कारण तुमच्या जन्माच्या आधीपासून ते तिथेच उभं आहे. तुम्ही त्याच्या बाजूने वळता, आणि...

ठक्!

कळ कशी मस्तकात गेली? आता किनुएचं काय झालं ते तुम्हाला समजेल. पण तिच्या करंगळीच्या आधी दादाच्या बुटांची गोष्ट सांगायला हवी.

किनुए नऊ वर्षांची होती. सागामीच्या डोंगरात ओगुसावा नावाचं गाव, तिथे ती राहायची. घरात आजोबा, आई, बाबा आणि पंधरा वर्षांचा दादा, तेत्सुरो. दादाला धावायचं वेड होतं. आई म्हणायची, "हा पाणी आणायलासुद्धा चालत जात नाही. अर्धी बादली वाटेत सांडतो आणि वर म्हणतो, बघ किती लवकर आलो!"

त्या रविवारी खोऱ्यातल्या सगळ्या गावांची शर्यत होती. एकाने धावायचं, खांद्यावरचा पट्टा पुढच्याला द्यायचा, मग त्याने धावायचं. ओगुसावाचा शेवटचा धावणारा होता तेत्सुरो. शर्यत बघायला शहरातल्या मोठ्या शाळेचे मास्तर येणार होते. त्यांच्या नजरेत भरला, तर ते त्याला आपल्या शाळेत घेणार होते. नाहीतर मार्च संपला की बाबांबरोबर कोळशाच्या भट्टीवर जायचं, हे ठरलेलंच होतं. दादा तसं बोलून दाखवायचा नाही, पण भट्टीचा विषय निघाला की जेवता जेवता त्याचा हात थांबायचा.

म्हणून योकोहामाच्या मावशीने त्याला पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट पाठवले होते. दादाने ते एकदाही घातले नव्हते. ते रविवारसाठी होते.

आणि मंगळवारी किनुएने ते घातले.

तिला फक्त बघायचं होतं, की नव्या बुटांनी खरंच जोरात धावता येतं का. पुढे कागदाचे बोळे कोंबून ती बांबूच्या बेटापर्यंत धावत गेली आणि धावत आली. जोरात धावता आलं नाही, फक्त उजव्या बुटाला चिखल लागला. तेवढ्यात वळणावरून दादाची शीळ ऐकू आली. किनुएने बूट झटकन काढले आणि पडवीच्या फळ्यांखाली, अंधारात ढकलून दिले. म्हटलं, नंतर पुसून ठेवू.

आता, तो दिवस कोणता होता ते ऐका. फेब्रुवारीची आठ तारीख. ओगुसावात त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत घरातलं एकूण एक पायताण आत घेतात. लाकडी चपला, गवती चपला, गमबूट, तुटका जोडसुद्धा. कारण त्या दिवशी डोंगरावरून 'तो' उतरतो. त्याला एकच डोळा आणि एकच पाय. घराबाहेर राहिलेलं पायताण दिसलं, की तो त्यावर आपली खूण उमटवतो, आणि मग ते ज्याचं असेल त्याच्या मागे काहीतरी लागतं. म्हणून लोक उंच काठीला विणलेली टोपली उलटी टांगतात. टोपलीला भोकंच भोकं. एका डोळ्याच्या माणसाने ती बघावी आणि घाबरावं, की बाप रे, या घराला केवढे डोळे!

टोपली आजोबांनी टांगली. मग दार लावता लावता त्यांनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, "काय गं किनुए, सगळं आत घेतलं का?"

तेव्हाच तिला बूट आठवले. पण दादा समोरच बसला होता, वाटाणे टिपत.

"घेतलं," किनुए म्हणाली.

"कुत्र्याने पळवलेली माझी जुनी चप्पलसुद्धा?"

"ती कुत्र्याकडे आहे. तो बघून घेईल."

आजोबा हसले आणि त्यांनी अडसर लावला.

बुधवारी फटफटतानाच ती उठली. बूट काढायची घाई होती. आणि त्याच घाईत, मघाशी तुम्ही आपटलात ना, तशीच ती कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओरडायची सोय नव्हती, म्हणून तिने तोंडात बाही कोंबली आणि एका पायावर नाचत नाचत पडवीत आली.

अंगण कडक गोठलं होतं. थंडीत तिथल्या मातीतून बर्फाच्या बारीक सुया वर येतात, पाय पडला की चुरचुर मोडतात. पडवीपुढे एक चपटा दगड होता. त्यावर पायताण काढायचं आणि वर चढायचं. कुंपणापासून त्या दगडापर्यंत सुया मोडल्या होत्या. अनवाणी पावलाचे ठसे होते. डावं पाऊल. मग डावं पाऊल. मग पुन्हा डावंच, आणि तसंच परत कुंपणाकडे.

किनुएने पडवीखाली हात घातला. बूट होते तिथेच होते. उजव्या बुटाच्या पुढच्या टोकावर, चिखलाच्या वर, एक तांबूस गोल डाग होता, कोणी बोट टेकवल्यासारखा.

तिने चिखल धुतला. तो गेला. डाग गेला नाही. मग शाळेच्या दप्तरातला खडू काढून तिने त्यावर घासला. बूट पुन्हा पांढरा झाला. दुपारी बघितलं तर खडूखालून डाग वर आला होता. तिने पुन्हा खडू घासला. तोंडाला कुलूप लावलं आणि बूट फळीवर दादाच्या जागी ठेवून दिले.

"लंगडतेस का गं?" आईने विचारलं.

"कपाट."

"कपाट बिचारं उभं होतं. तूच गेलीस त्याच्या वाटेला."

गुरुवारी सकाळी अंगणात पुन्हा तेच डावं पाऊल. पण दगडाजवळ त्या पावलाच्या शेजारी आणखी काहीतरी होतं. वाटाण्याएवढा एक खळगा. उजवं पाऊल असतं तर त्याची करंगळी जिथे टेकली असती, बरोबर तिथे. पाऊल नव्हतं, नुसती करंगळी.

किनुएला वाटलं, टोपलीवरून ठिबकलं असेल काहीतरी. आपल्याला जे नको असतं त्याचं कारण आपण पटकन शोधतो, नाही का?

त्या दिवशी आईने मुळ्याच्या लोणच्याचं पिंप उघडलं. वर दाबून ठेवलेला दगड तिने हजारदा उचलला असेल. त्या दिवशी तो हातातून निसटला आणि उजव्या पायावर पडला. करंगळीशेजारच्या बोटावर. आईसारखी आई, पण मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी "आई गं" म्हणाली. बोट काळंनिळं झालं.

शुक्रवारी सकाळी अंगणात दोन खळगे होते.

त्याच दिवशी आजोबा पडवीत ऊन खात बसले होते. ऊन सरकलं तसे तेही पाय घासत सरकले, आणि फळीचं एक लांब कुसळ मोजा फाडून थेट मधल्या बोटाच्या नखाखाली घुसलं. उजव्या पायाच्या. बाबांनी चिमट्याने ते ओढून काढलं तेव्हा आजोबांनी आपल्या पोराला अशा शिव्या घातल्या, की त्या मी इथे लिहिणार नाही.

शेजारच्या ओशिमो काकू मुळे मागायला आल्या होत्या. त्यांनी लंगडणारी आई बघितली, लंगडणारी किनुए बघितली, पाय वर करून बसलेले आजोबा बघितले आणि पदराने... नाही, ॲप्रनच्या टोकाने तोंड झाकून हसत आजोबांना म्हणाल्या,

"अहो गेनझो भाऊजी, रविवारी शर्यत तेत्सुरोची आहे ना? सराव तर सगळं घर करतंय, आणि तोही लंगडीचा!"

"हसा, हसा," आजोबा म्हणाले. "मुळे मात्र तुम्हीच उपटून घ्या. आमच्यात आता दोन पायांचं कोणी उरलं नाही."

सगळे हसले. किनुएला हसू आलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं.

दुपारी ती रजईत पाय घालून बसली. त्यांच्याकडे खाली निखाऱ्यांची शेगडी, वर लाकडी चौकट आणि चौकटीवर जाड रजई असते. हिवाळ्यात सगळं घर तिच्या चारी बाजूंनी पाय आत घालून बसतं. एका बाजूला आई शिवत होती, दुसऱ्या बाजूला आजोबा पेंगत होते. आत छान ऊब होती. किनुएचे डोळे जड व्हायला लागले.

तेवढ्यात तिच्या पायाला काहीतरी गार लागलं.

"दादा, पाय काढ ना. किती गार आहे!"

"कोणाशी बोलतेस?" आईने सुईवरची नजर न काढता विचारलं. "दादा धावायला गेलाय."

समोरची बाजू रिकामी होती. रजई तिथे सपाट पडली होती. पण गारवा तसाच होता. आणि तो अख्ख्या पायाचा नव्हता. तीन टोकं होती, बर्फाच्या मण्यांसारखी, तिच्या तळव्याला टेकलेली. पाय शेकायला बसलेलं माणूस टेकवतं तशी, अगदी भीत भीत.

किनुएने रजई वर केली. लाल निखारे. आईचा पाय, चिंधी बांधलेला. आजोबांचा पाय, चिंधी बांधलेला. तिचा स्वतःचा. बाकी काही नाही.

तिने बोटं बघितली. आपली करंगळी. आईचं तिच्याशेजारचं. आजोबांचं मधलं. तुमच्याही लक्षात आलं ना? कोणीतरी एकेक बोट गोळा करत होतं, बाहेरून आत, क्रमाने. ज्याला एकच पाय आहे, त्याला दुसरा पाय हवा होता.

अंगठ्याशेजारचं बोट उरलं होतं, आणि अंगठा. घरातली माणसंही दोनच उरली होती.

शनिवारी ती बाबांच्या मागे मागे फिरली. "बाबा, हळू चाला." "बाबा, तिथे दगड आहे." "बाबा, आज घरीच बसा ना."

"अगं, मी तुझा आजोबा आहे का बाप आहे?" बाबा म्हणाले. "आणि भट्टी काय आपोआप जळते? हो बाजूला." त्यांनी एक पाऊल टाकलं, लाकडी चपलेचा पट्टा तट्कन तुटला, पाय पुढे घसरला आणि बोट दगडावर आदळलं. अंगठ्याशेजारचं. नख उलटं झालं. बाबा पाय धरून उभे राहिले. मग दात खाऊन म्हणाले, "घ्या! आता भट्टी खरंच आपोआप जळेल."

त्या संध्याकाळी दादाने फळीवरून बूट खाली घेतले आणि नाड्या ओवायला बसला. किनुए त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, उद्या जुने घाल ना."

"जुन्यांना तळ कुठे उरलाय? बोटं जमिनीशी गप्पा मारतात."

"मग अनवाणी धाव."

"डोकं फिरलंय का तुझं?" तो हसला. मग त्याने उजवा बूट उचलून उजेडात धरला. "हा डाग कसला गं?"

किनुएच्या जिभेवर शब्द आले होते. पण दादा बुटावरून हात फिरवत होता, जसा कोणी मांजरावर फिरवावा. "जाऊ दे," तो स्वतःशीच म्हणाला. "उद्या मास्तर डाग बघणार नाहीत. पाय बघतील."

ती तिथून निघाली आणि सरळ आजोबांकडे गेली. त्यांना तिने सगळं सांगितलं. बूट, चिखल, पडवीखालचा अंधार, "घेतलं" म्हणाली ते खोटं, ठसे, रजईतली तीन टोकं. आजोबांनी आपल्या चिंधी बांधलेल्या बोटाकडे बघितलं.

"मग आता काय करायचं, आजोबा?"

"मला माहीत नाही, बाळ."

"तुम्हाला माहीत नाही?"

"माझ्या आजोबांनाही माहीत नव्हतं. आम्ही आपली पायताणं आत घ्यायचो. एवढंच शिकवलं होतं. बाहेर राहिलं तर पुढे काय, हे कोणी सांगितलंच नाही. कारण बाहेर कोणी ठेवलंच नव्हतं."

"बूट जाळले तर?"

"जळतील. पण खूण बुटावर आहे, का तेत्सुरोवर, ते मला सांगता येत नाही." "त्याला सांगू का, धावू नको म्हणून?"

किनुएने नाही म्हणून मान हलवली. न धावणं म्हणजे काय, ते त्या दोघांनाही ठाऊक होतं.

रात्री अंथरुणात ती विचार करत पडली. रडून झालं होतं, म्हणून विचार करायला जागा झाली होती. चार दिवस ती एका पायावर उड्या मारत होती. विहिरीपर्यंत गेलं तरी दम लागायचा. चांगला पायही दुखायचा. थकून कुठे टेकायचं म्हटलं, तर जो पाय टेकायचा तोच नाही. चार दिवसांत एवढं होतं, मग ज्याचं सगळं आयुष्य असंच गेलं, त्याचं काय होत असेल? डोंगर उतरायचा, डोंगर चढायचा, आणि खाली लोक टोपल्या टांगून दारं लावून बसलेले. तिला अजूनही त्याची भीती वाटत होती. पण भीतीच्या शेजारी आता दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं.

रविवारी उजाडता उजाडता ती पडवीत आली. कपाटाला वळसा घालून, जपून.

ठसे कुंपणापासून आले होते आणि दगडाशी थांबले होते. यावेळी ते परत गेले नव्हते. डावं पाऊल खोल रुतलं होतं. त्याच्या शेजारी चार खळगे, ओळीने, आणि पाचव्या जागी सुया अजून उभ्या होत्या, न मोडलेल्या, उजेडात चमकणाऱ्या. पाऊल घराकडे तोंड करून होतं. वर कोणीच नव्हतं. पण हवा एका ठिकाणी जास्त गार होती. बुटका माणूस उभा असेल तेवढ्याच उंचीची. आणि ती हवा किंचित डुलत होती, तोल सांभाळणाऱ्यासारखी.

'तो' थांबला होता. तेत्सुरो येऊन पडवीच्या काठावर बसेल, बूट चढवेल आणि पहिलं पाऊल दगडावर टाकेल, याची वाट बघत.

आतून दादाचा आवाज आला. "आई, मी निघतो!" मग पडवीच्या फळ्यांवर त्याची पावलं वाजायला लागली.

किनुएने उजव्या पायाचा मोजा ओढून काढला. करंगळी अजून सुजलेली होती. ती दगडावरून खाली उतरली, पाय पुढे केला आणि जिथे सुया उभ्या होत्या तिथे आपला अंगठा टेकवला.

"दादाचा नको," ती हळूच म्हणाली. "हा घे."

सुया चुरचुर मोडल्या. अशी थंडी चढली, की पाय आपला आहे का नाही तेच कळेना. मग कळ आली. दगड पडल्याची, कुसळ घुसल्याची, नख उलटल्याची, कपाटाची, सगळ्यांची एकदम. तिने डोळे घट्ट मिटले, पण पाय मागे घेतला नाही. आणि तिच्या पायाशेजारी गोठलेली माती दबल्याचा आवाज आला. एकदा डावीकडे. मग, जरा थांबून, उजवीकडे.

मागे पावलं दारापर्यंत आली होती. समोरची गार हवा पुढे झुकली, मागे झुकली, पुन्हा पुढे झुकली, कोणी दोन पायांवर पहिल्यांदाच उभं असावं तशी.

किनुएने डोळे उघडले. आणि तान्हं मूल पहिल्यांदा उभं राहिलं की आपण देतो ना, तसा तिने आपला हात पुढे केला.